हिरवं पाणी, नऊ बरण्या आणि पाठ केलेल्या व्याख्या

एप्रिल-मे महिन्यात एखाद्या हिरव्यागार तळ्यावर पहाटे साडेपाचला जाऊन उभे राहा. मासे पाण्याच्या अगदी वर येऊन तोंड उघडून घोट घेताना दिसतील. काठाशी दोन-चार पांढरी पोटं वर करून तरंगतही असतील. जमलेल्या लोकांचं एकमत व्हायला वेळ लागत नाही : "कुणीतरी औषध टाकलंय." मग दुपारी तीनला कुणी मीटर घेऊन येतो, पाण्यातला ऑक्सिजन मोजतो आणि आकडा भरपूर निघतो. झालं, औषधाचा संशय आणखी पक्का.

पहाटे दिसलं तेही खरं आणि दुपारचा आकडाही खरा. घोटाळा झाला तो मधल्या जागेत. निरीक्षण, अनुमान, गृहीतक, चल, नियंत्रण हे सगळे शब्द शाळेत 'व्याख्या लिहा' म्हणून दोन गुणांसाठी पाठ होतात, पण ते तयार झाले ते नेमके असे घोटाळे पकडण्यासाठी. म्हणून ते पुस्तकात बसून शिकण्यापेक्षा पाण्याच्या काठावर शिकलेले बरे. सोलापुरात काठांना तोटा नाही. मधोमध मंदिर असलेला सिद्धेश्वर तलाव आहे, जुने लोक ज्याला कंबर तलाव म्हणतात तो संभाजी तलाव आहे, तुळजापूर रस्त्याला आदिला नदीवर १८७१ साली पूर्ण झालेला हिप्परग्याचा एकरुख तलाव आहे, आणि डाळिंब-द्राक्षाच्या पट्ट्यात प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी तर जागोजागी.

पाणी हिरवं आहे, म्हणजे नेमकं काय आहे?

"पाणी हिरवं आहे" हे निरीक्षण. डोळ्यांनी दिसलं, नाकाला वास आला, थर्मामीटरवर वाचलं, ते निरीक्षण. "शेवाळ माजलंय" हे अनुमान, म्हणजे दिसलेल्यावरून आपण लावलेला अर्थ. निरीक्षणावर सहसा भांडण होत नाही, अनुमानावर होतं. वहीत दोन्ही वेगळ्या रकान्यांत लिहायची सवय लावली की अर्धे वाद तिथेच मिटतात.

कारण हिरव्याचे प्रकार बरेच. एक काठी पाण्यात बुडवून वर काढा. काठीला केसांसारखे लांब, बुळबुळीत धागे लोंबले तर ते धाग्यांचं शैवाल, स्पायरोगायरासारखं. तिळाएवढी पानं आणि त्यांना खाली बारीक मुळं दिसली तर ते शैवाल नाहीच, ती तरंगणारी वनस्पती आहे. आणि ऑइलपेंटच्या डब्यात बुडवल्यासारखी काठी हिरवी रंगून आली तर सावध व्हा. ते बहुतेक सायनोबॅक्टेरिया, म्हणजे निळे-हिरवे जिवाणू. लोक त्यांनाही शेवाळच म्हणतात. त्यांच्यातल्या काही जाती विष तयार करतात, त्यामुळे असं पाणी गुरांना पाजू नये आणि त्यात हात घालून खेळूही नये. खात्री करायची असेल तर काचेची बरणी पाऊण भरा, हलवू नका, रात्रभर ठेवा. सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल तर संशय निळ्या-हिरव्यांवर, तळाशी बसला असेल तर साध्या शैवालावर. या जिवाणूंच्या पेशींत हवेच्या बारीक पोकळ्या असतात, म्हणून ते वर येतात.

कोण कोणाला खातं

तळं आणि त्यातलं सगळं मिळून परिसंस्था. यात दोन प्रकारचे घटक. पाणी, ऊन, तापमान, विरघळलेले वायू आणि क्षार, तळाचा गाळ हे अजैविक. बाकी जिवंत ते जैविक. पुस्तकात यांच्या दोन याद्या असतात आणि मुलं त्या घोकतात. प्रत्यक्षात मात्र महत्त्व आहे ते या दोघांच्या देवाणघेवाणीला.

उन्हावर स्वतःचं अन्न स्वतः करणारे ते उत्पादक. तळ्यात मोठी झाडं नसतात. इथले खरे उत्पादक डोळ्यांना दिसतही नाहीत. ते पाण्यात तरंगणारे वनस्पतिप्लवक. त्यांना खाणारे प्राणिप्लवक : टाचणीच्या डोक्याएवढा, झटके देत पोहणारा पाणपिसू, म्हणजे डाफ्निया, आणि एका डोळ्याचा सायक्लॉप्स. (नारूचा रोग पसरायचा तो याच सायक्लॉप्समधून, न गाळलेलं पाणी प्यायल्यावर. भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला, त्यामुळे आजच्या मुलांनी हे नावही ऐकलेलं नसतं.) प्राणिप्लवकांवर कटला आणि डासांच्या अळ्यांवर गप्पी मासे जगतात. लहान माशांवर मरळ, खंड्या, बगळा, पाणकावळा. कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा पक्षी दिसला तर तो वारकरी. नाव अगदी शोभतं, कारण खाणंही मुख्यतः शाकाहारी, पाणवनस्पतींचं.

उत्पादक, प्राथमिक भक्षक, द्वितीयक भक्षक या पायऱ्यांना पोषण पातळी म्हणतात. एका सरळ रेषेत मांडल्या की अन्नसाखळी. पण चिलापी मासा शैवालही खातो, अळ्याही खातो आणि वेळ आली तर पिल्लंही, म्हणून खऱ्या तळ्यात साखळी नसतेच, जाळं असतं.

एका पातळीवरून वरच्या पातळीवर साधारण दहा टक्के ऊर्जा पोचते. रेमंड लिंडमन या शास्त्रज्ञाचा १९४२ सालचा अभ्यास या विचाराच्या मुळाशी आहे. दहा हा आकडा ढोबळ आहे, पाच ते वीस असा फरक पडतो. इथे तळं एक गंमत करतं. ऊर्जेचा मनोरा नेहमी खाली रुंद आणि वर निमुळता असतो, पण एखाद्या क्षणी तळ्यातल्या सगळ्या सजीवांचं वजन केलं तर कधीकधी खाणाऱ्यांचं वजन खाल्ल्या जाणाऱ्यांपेक्षा जास्त भरतं. हे कसं? तव्यावर एका वेळी एकच भाकरी असते, तरी पंगत दहा जणांची उठते, कारण भाकऱ्या एकामागून एक पडत राहतात. वनस्पतिप्लवक दिवसा-दोन दिवसांत दुप्पट होतात. तव्यावरची एकच भाकरी मोजून 'अन्न कमी आहे' म्हणणं चूक.

विघटकांकडे, म्हणजे जिवाणू आणि बुरशीकडे, शेवटी येऊ. मासे मरण्याच्या प्रकरणात त्यांचा हात मोठा आहे.

नऊ बरण्यांचा प्रयोग

आता एक दावा घेऊ : शेतातलं खत वाहून तळ्यात आलं की पाणी हिरवं होतं. हे गृहीतक म्हणून लिहायचं तर असं लिहा : "तळ्याच्या पाण्यात विद्राव्य खताचं प्रमाण वाढवलं, तर चौदा दिवसांत पाण्याची पारदर्शकता कमी होईल, कारण शैवालाला नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) मिळेल." 'खत वाईट असतं' हे गृहीतक नव्हे. जे खोटं ठरण्याची शक्यताच नाही ते गृहीतक होऊ शकत नाही, आणि विज्ञान प्रदर्शनातले बरेच तक्ते इथेच घसरतात.

एकसारख्या दीड लिटरच्या नऊ पारदर्शक बरण्या घ्या. काठापासून थोडं आत, पृष्ठभागाच्या वीतभर खालून, गाळ न ढवळता दहा लिटर पाणी आणा. लहान मुलांनी हे एकट्याने करायचं नाही. शेततळ्याचं प्लॅस्टिक ओलं झालं की साबणासारखं निसरडं होतं, आत गेलेला वर येत नाही. तिथे बादलीला दोर बांधूनच पाणी काढा. आणलेलं पाणी जुन्या सुती साडीच्या चारपदरी घडीतून गाळा. जुनीच साडी, कारण धुऊन धुऊन धागा फुलतो आणि विणीची छिद्रं बारीक होतात. पाणपिसू वर अडकतात, सूक्ष्म शैवाल खाली उतरतं. हे गाळणं टाळलं तर काय होतं ते पुढे येईलच.

प्रत्येक बरणीत मोजून एक लिटर पाणी. आता खत. कृषी सेवा केंद्रात १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत मिळतं. १० ग्रॅम खत १ लिटर बॅटरीच्या पाण्यात (बॅटरीत वरून भरायचं शुद्ध डिस्टिल्ड पाणी, आम्ल नव्हे) विरघळवा, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम झालं. यातले १० मिलिलिटर घेऊन त्यात ९० मिलिलिटर बॅटरीचं पाणी घाला. आता १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम. १० मिलिग्रॅम वजन करणारा काटा घरी कुणाकडे नसतो, पण अशा पायऱ्यांनी पातळ करत गेलं की औषधाच्या दुकानातली दहा मिलिलिटरची सिरिंजच काट्याचं काम करते.

'अ' गटाच्या तीन बरण्यांत खत नाही, १० मिलिलिटर नुसतं बॅटरीचं पाणी. 'ब' गटात प्रत्येकी २ मिलिलिटर पातळ द्रावण अधिक ८ मिलिलिटर बॅटरीचं पाणी. 'क' गटात १० मिलिलिटर द्रावण. 'अ'मध्ये उगाच पाणी कशाला? कारण नाहीतर 'क'मध्ये खतही जास्त आणि पाणीही जास्त, मग फरक कशामुळे पडला हे सांगता येणार नाही.

आपण मुद्दाम बदललं ते खताचं प्रमाण हे स्वतंत्र चल. त्याच्यामुळे काय बदलतं म्हणून मोजणार ती पारदर्शकता हे अवलंबी चल. बरणी, पाण्याचं माप, ऊन, मोजायची वेळ, जे सगळीकडे सारखं ठेवलं ते नियंत्रित चल. आणि 'अ' गट, ज्याला खत दिलंच नाही, तो नियंत्रण संच. 'नियंत्रित चल' आणि 'नियंत्रण संच' यांची परीक्षेत सर्रास अदलाबदल होते. पहिलं म्हणजे सारखी ठेवलेली गोष्ट, दुसरं म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या बरण्या.

१० मिलिग्रॅम म्हणजे चिमटीतही न येणारी मात्रा. पण खताच्या पिशवीवरचा स्फुरदाचा १९ हा आकडा ऑक्साइडच्या हिशोबातला असतो, शुद्ध फॉस्फरस सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे 'क' बरणीत लिटरला सुमारे ०.८ मिलिग्रॅम फॉस्फरस गेला. लिटरला साधारण ०.०३ मिलिग्रॅमच्या वर गेलेलं तळं सुपोषित, म्हणजे प्रमाणाबाहेर पोषण झालेलं, समजतात. शैवालाच्या दृष्टीने 'क' बरणीत रोजच लग्नाचं जेवण आहे.

मोजायचं कसं? साठ सेंटिमीटर लांब, तीनेक सेंटिमीटर रुंद पारदर्शक नळी घ्या. खालच्या बुचावर आतून पांढऱ्यावर काळी फुली काढा. बरणी हलक्या हाताने ढवळा, पाणी हळूहळू नळीत ओता, वरून बघत राहा. फुली दिसेनाशी झाली की थांबा आणि पाण्याची उंची वाचा. पाणी परत त्याच बरणीत. नळी भरूनही फुली दिसत असेल तर "६० पेक्षा जास्त" असं लिहा, "६०" नव्हे. दोन्हींचा अर्थ वेगळा आहे. वाचणारी व्यक्ती आणि जागा बदलू नका. मोठ्या तळ्यात हेच काम वीस सेंटिमीटरची काळी-पांढरी तबकडी दोरीने सोडून करतात. अशी तबकडी, तेव्हा नुसती पांढरी, इटलीच्या अँजेलो सेकी यांनी १८६५ साली वापरली, म्हणून सेकी तबकडी.

बिघडतं कुठे? सोलापुरात सगळ्यात आधी उन्हाने. मे महिन्यात गच्चीवर बरण्या ठेवल्या तर शैवाल शिजतं. हा प्रयोग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, दुपारचं थेट ऊन न लागणाऱ्या खिडकीत करा. खिडकीजवळच्या बरणीला उजेड जास्त मिळतो, म्हणून रोज जागांची अदलाबदल. पाणी आटतं, म्हणून पहिल्या दिवशी मार्करने रेघ मारा आणि तेवढंच बॅटरीचं पाणी भरा. नळाच्या पाण्यात क्लोरीन, बोअरच्या पाण्यात क्षार आणि बऱ्याचदा नायट्रेट, म्हणजे नकळत खतच. तोंडाला मलमल बांधा, झाकण घट्ट लावू नका. मलमल नसेल तर चौदा दिवसांत तुम्ही शैवालाऐवजी डास वाढवलेले असतील.

समजा चौदाव्या दिवशी 'अ'चे आकडे आले ५२, ५५, ४९ आणि 'क'चे ११, १४, ३८. 'अ'ची सरासरी ५२, 'क'ची २१. पण तो ३८ कुठून आला? मोह होतो तो खोडायचा. खोडू नका. बरणी उजेडासमोर धरून भिंगातून बघा. झटके देत फिरणारे ठिपके दिसले तर समजा एखादा पाणपिसू गाळणीतून निसटला, खाणं भरपूर होतं, त्याने पिल्लावळ वाढवली आणि हिरवं पाणी खाऊन साफ केलं. तीन-तीन बरण्या ठेवायच्या त्या यासाठी. एकच बरणी असती आणि नेमकी हीच असती, तर 'खताने फारसा फरक पडत नाही' असा निष्कर्ष निघाला असता. वहीत ३८ लिहा, शेजारी "पाणपिसू दिसले" लिहा.

प्रयोग संपल्यावर खताचं पाणी तळ्यात ओतू नका, झाडांना घाला.

दिवसा सावकार, रात्री कर्जदार

आता पहाटेच्या माशांकडे. गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे जास्तीत जास्त ९.१ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळून राहतो, ३० अंशांना साडेसातच. सोलापूर साधारण साडेचारशे मीटर उंचीवर असल्याने त्यातूनही पाचेक टक्के वजा. म्हणजे पाणी तापलं की साठवणच लहान होते, आणि त्याच वेळी माशांची गरज वाढते. ५ च्या वर मासे आरामात असतात, ३ च्या खाली वर येऊन धापा टाकतात, १ च्या आसपास मरू लागतात.

शैवाल दिवसा प्रकाशसंश्लेषण करून ऑक्सिजन सोडतं. दुपारी तीनला हिरव्या तळ्यात तो हवेशी समतोल राखणाऱ्या पातळीच्याही वर जाऊ शकतो. पण श्वसन चोवीस तास चालू असतं, शैवालाचंही. रात्री फक्त खर्च. समजा संध्याकाळी ९ मिलिग्रॅम होता आणि घट्ट हिरव्या पाण्यात तासाला ०.६ खर्च होतो, तर बारा तासांत ७.२ गेला. पहाटे उरला १.८. दुपारचा मीटर खोटं बोलत नव्हता, वेळ नियंत्रित नव्हती.

हा जमाखर्च कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काढता येतो. ३०० मिलिलिटरच्या तीन बीओडी बाटल्या (घट्ट काचेचं बूच असलेल्या) तळ्याच्या पाण्याने भरा. एकीचा ऑक्सिजन लगेच मोजा. दुसरी बूच लावलेली पण काच न झाकलेली, तिसरी बूच लावून काळ्या टेपने पूर्ण गुंडाळलेली. दोन्ही दिवसा तळ्यात एकाच खोलीवर सहा तास दोरीने लटकवा. सुरुवातीला ७, नंतर उजेडातल्या बाटलीत ९.५, अंधारातल्या बाटलीत ६ आला असं धरू. अंधारात १ खर्च झाला, ते श्वसन. उजेडात २.५ शिल्लक वाढली. एकूण उत्पादन त्यांची बेरीज, ३.५.

ऑक्सिजन मोजायची विंकलर पद्धत १८८८ सालची, पण आजही भरवशाची. बाटलीत २ मिलिलिटर मँगॅनीज सल्फेट, मग २ मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइड, पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळजवळ नाही, आणि तो पांढरा साका पाहिला की मासे का मेले हे वेगळं सांगावं लागत नाही. मग २ मिलिलिटर संहत सल्फ्युरिक आम्ल, शिक्षकांच्या हातून. २०० मिलिलिटर नमुना ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेट केला की जितके मिलिलिटर लागले तितके मिलिग्रॅम प्रति लिटर. बहुतेक चुका होतात बाटली भरताना. धार वरून सोडली, बुडबुडा आत राहिला, की हवेतलाच ऑक्सिजन मोजला जातो. नळी तळापर्यंत घालून पाणी दोन-तीन वेळा ओसंडू द्या.

विघटक इथे येतात. शैवाल मरतं, तळाशी जातं, जिवाणू ते कुजवतात आणि त्यासाठी ऑक्सिजन वापरतात. जलपर्णीचंही हेच. तिच्या जाड गालिच्याखाली उजेड पोचत नाही, हवाही नीट मिसळत नाही. ती काढणं योग्यच, पाण्यातलं नत्र-स्फुरद तिच्याबरोबर बाहेर निघतं. पण काढून काठावरच ढीग घातला तर पहिल्या पावसात कुजलेला रस पुन्हा आत. ढीग काठापासून दूर नेऊन कंपोस्ट करायला हवा.

एक सावधगिरी. सिद्धेश्वर तलावाचं पाणी जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांत घेतलं आणि हिप्परग्याचं मे महिन्यात, आणि फरक यात्रेचा म्हणून लिहिला, तर तो प्रयोग होत नाही. ऋतू बदलला, खोली वेगळी, पाणी येण्याच्या वाटा वेगळ्या. तुलना करायचीच तर एकाच आठवड्यात, एकाच वेळी, आणि त्याच तलावाचे यात्रेआधीचे आकडे हाताशी ठेवून.

राहिला औषधाचा प्रश्न. ऑक्सिजन संपला असेल तर मासे पहाटे मरतात, मोठे आधी मरतात, जिवंत असलेले वर येऊन धापा टाकतात. सलग ढगाळ दिवसांनंतर किंवा उन्हाळ्यानंतरच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर हे जास्त होतं. विष असेल तर वेळेचं बंधन नाही, लहान-मोठे सगळेच जातात, पाण्यातले किडेही मरतात. आणखी एक खूण : मरळ आणि मागूर हवेतून श्वास घेऊ शकतात. कटला-रोहू मेले आणि मरळ जिवंत, तर संशय ऑक्सिजनवर. मरळही उलटी पडली असेल तर पाण्याची बाटली काठोकाठ भरून, बर्फात ठेवून, ताबडतोब तपासणीला पाठवा. आणि ऑक्सिजन मोजायची बाटली सूर्य वर यायच्या आत भरा.